कोरफड : थोडे पाणी, पुष्कळ ऊन

कोरफड कोणाला माहीत नाही? खेड्यात ती परसात असते, शहरात खिडकीत असते. काही घरांत तर दृष्ट लागू नये म्हणून ती दारावर उलटी टांगतात. मुळे वर, पाने खाली. माती नाही, पाणी नाही. तरी ती कित्येक आठवडे हिरवी राहते. दृष्टीचे ज्याचे त्याने ठरवावे. पण ही टांगलेली कोरफड आपल्याला एक गोष्ट शिकवते. पाण्यावाचून इतके दिवस तगणारी हीच कोरफड कुंडीत रोज तांब्याभर पाणी घातले, की कुजून मरते. असे का होते, ते आज पाहू.

कोरफडीचे मूळ घर अरबस्तान. तेथे ऊन कडक आणि पाऊस तुटपुंजा. जमीन खडकाळ. अशा ठिकाणी जगायचे तर पाण्याची काटकसर हवी. कोरफडीने ती फार चांगली साधली आहे. तिचे पान म्हणजे पाण्याने भरलेले मडकेच. पान कापून पाहा. आत चिकट, काचेसारखा गर दिसतो. त्यात बहुतेक पाणीच असते. पानावरची साल जाड आणि मेणचट. त्यामुळे आतले पाणी सहसा उडून जात नाही.

आणखी एक नवल ऐका. झाडाच्या पानांना डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवेतला कर्बवायू घेते आणि उन्हाच्या मदतीने आपले अन्न तयार करते. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडतात. उन्हात छिद्रे उघडी राहिली, की पाणीही उडते. कोरफड छिद्रे उघडते ती मुख्यतः रात्री, गारव्याला. रात्री वायू साठवायचा, दिवसा दार लावून स्वयंपाक करायचा! म्हणून तिला पाणी थोडे पुरते.

मग जास्त पाण्याने बिघडते काय? मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती सदा चिखल राहिली, की पोकळ्यांत पाणी भरते आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत. मग पाने मलूल होतात. पाहणाऱ्याला वाटते, बिचारी तहानली! तो आणखी एक तांब्या ओततो. अति तेथे माती म्हणतात, ते असे.

म्हणून तहान आणि कूज यांतला फरक ओळखायला शिका. तहानलेल्या कोरफडीची पाने पातळ होतात, आत वळतात. पण हाताला चिवट लागतात. पाणी मिळाले, की काही दिवसांत ती पुन्हा फुगतात. कुजणाऱ्या कोरफडीची पाने बुडाशी पिवळी, मऊ आणि गिळगिळीत होतात. वासही येतो. अशी कोरफड लगेच कुंडीतून उपटा. कुजलेली मुळे कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या मातीत पुन्हा लावा. बुडखा टणक असेल, तर ती बहुधा वाचते.

आता लावायची कशी? विकत आणायची गरज नाही. जुन्या कोरफडीच्या बुडाशी पिल्ले फुटतात. वीतभर उंचीचे पिल्लू मुळांसकट अलगद वेगळे करा. कापलेली जागा दोन दिवस सुकू द्या. नुसते पान मातीत खोचू नका. पानफुटीचे पान रुजते, कोरफडीचे मात्र सहसा कुजून जाते.

कुंडी मातीची असेल तर उत्तम. नसेल तर जुना डबा चालेल. पण बुडाला तीन-चार भोके पाडायलाच हवीत. भोकांवर खापराचे तुकडे ठेवा. नुसती काळी माती घेऊ नका. ती पाणी धरून ठेवते. दोन वाट्या माती, दोन वाट्या नदीची जाड वाळू आणि एक वाटी जुने कुजलेले शेणखत असे मिसळा. समुद्राची वाळू नको. तिच्यात मीठ असते. पिल्लू लावल्यावर चार-पाच दिवसांनी पहिले पाणी द्या.

पुढे पाण्याचा नेम वारावर ठरवू नका, बोटाने ठरवा. बोटाची दोन पेरे मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी पाणी लागते. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्या. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. त्यात मुळे कुजतात आणि डेंग्यूचे डासही तेथेच अंडी घालतात. ऊन मात्र रोज हवे. सावलीतली कोरफड एकदम भर उन्हात ठेवू नका; पाने तांबूस पडतात. थोडे थोडे ऊन वाढवा.

कोरफड वापरतानाही बेतानेच वापरावी. बाहेरचे जुने पान कापा आणि कापलेली बाजू खाली करून थोडा वेळ उभे ठेवा. सालीखालून पिवळा, कडू चीक गळतो. तो जाऊ द्या, गर धुऊन घ्या. हा चीक वाळवला, की त्याचा काळा बोळ होतो. तो जहाल रेचक आहे. जुलाबाच्या औषधांत तो घातला जाई. अमेरिकेच्या सरकारने 2002 साली दुकानातून थेट मिळणाऱ्या औषधांत त्याला मनाई केली. गरोदर बाईला आणि लहान मुलांना कोरफड मुळीच पाजू नये. इतरांनीही डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्यावाचून ती पोटात घेऊ नये.

तव्याचा किरकोळ चटका बसला, तर आधी वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. मग स्वच्छ गर लावा. फोड फुटला असेल किंवा भाजणे मोठे असेल, तर गर लावत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

आमचे सांगणे एवढेच : झाडावर माया जरूर करा, पण त्याचा स्वभाव ओळखून करा. उद्या पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहा.