जठराच्या कर्करोगातला ‘मार्कर’ नेमकं काय सांगतो?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या संभाव्य विषयांच्या यादीत एक शीर्षक हमखास असतं: ‘अमुक जनुक, जठराच्या कर्करोगातील मार्कर’. विषय चांगलाच आहे. पण ‘कशाचा मार्कर?’ असं मार्गदर्शकांनी विचारलं की अनेकांची गाडी तिथेच अडते. म्हणून आज फक्त या एका प्रश्नाबद्दल बोलू.

दोन वेगळे प्रश्न

रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना साधारण दोन गोष्टी विचारतात. पहिली, ‘पुढे कसं होईल?’ दुसरी, ‘या औषधाचा उपयोग होईल का?’ पहिल्याचं उत्तर देणारा तो प्रोग्नॉस्टिक मार्कर. दुसऱ्याचं उत्तर देणारा तो प्रेडिक्टिव्ह मार्कर.

आपल्या अंबरनाथच्या लोकलचं उदाहरण घ्या. सीएसएमटीला जायचं असेल तर बदलापूरहून निघालेल्याला अंबरनाथवाल्यापेक्षा जास्त वेळ लागणार, गाडी कोणतीही असो. ही झाली प्रोग्नॉस्टिक माहिती. आता फास्ट लोकल पकडून फायदा होईल का? ठाण्याला जायचं असेल तर होईल. विठ्ठलवाडीला जायचं असेल तर काडीचाही नाही, कारण कल्याणपर्यंत फास्ट गाडीसुद्धा सगळीकडे थांबते. म्हणजे ‘फास्ट’चा फायदा होणार की नाही, हे तुम्हाला कुठे उतरायचंय त्यावरून ठरतं. ही झाली प्रेडिक्टिव्ह माहिती. इथे ‘फास्ट’च्या जागी ‘केमोथेरपी’ वाचा.

एकाच मार्करची दोन रूपं

एमएसआय, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी, हे याचं सर्वात चांगलं उदाहरण. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत बिघडली, की डीएनएमधल्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची लांबी बदलत जाते. अशा गाठीला ‘एमएसआय-हाय’ म्हणतात. त्यासाठी दरवेळी सिक्वेन्सिंग करावं लागत नाही. गाठीच्या पॅराफिन ब्लॉकमधून पातळ काप घेऊन एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांचं स्टेनिंग केलं, की कोणतं प्रथिन हरवलंय ते दिसतं.

२०१९ मध्ये चार जुन्या क्लिनिकल ट्रायल्समधल्या १,५५६ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. एमएसआय-हाय त्यातले फक्त १२१. पाच वर्षांनी या गटातले ७७.५ टक्के रुग्ण हयात होते, तर बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ५९.३ टक्के होतं. म्हणजे मार्कर प्रोग्नॉस्टिक आहे आणि बातमी चांगली आहे.

आता उपचारांप्रमाणे गट पाडा. एमएसआय-हाय नसलेल्यांमध्ये नुसत्या शस्त्रक्रियेने पाच वर्षं जगलेले ५३ टक्के, तर केमोथेरपीची जोड दिल्यावर ६२ टक्के. फायदा झाला. एमएसआय-हाय असलेल्यांमध्ये मात्र नुसत्या शस्त्रक्रियेने ८३ टक्के आणि केमोथेरपीसह ७५ टक्के. फायदा दिसलाच नाही. १२१ जणांवरून केमोने नुकसान होतं असं ठामपणे म्हणता येणार नाही. तरी ज्याला उपयोग होण्याची शक्यता कमी, त्याला उलट्या, अशक्तपणा आणि महिनोन्‌महिन्यांचे हेलपाटे सोसायला लावायचे का, हा प्रश्न खरा आहे.

एचईआर२ची गोष्ट निराळी. रुग्ण किती जगेल याबद्दल या प्रथिनाचे पुरावे उलटसुलट आहेत. पण उपचार ठरवायला ते कामाचं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ ट्रायलमध्ये एचईआर२ पॉझिटिव्ह, पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब दिलं, तेव्हा मध्यक जीवनकाल ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन भरपूर होतं, त्यांच्यात तो ११.८ वरून १६ महिने झाला. यात एक अडचण आहे. जठराच्या गाठीत एचईआर२ सगळीकडे सारखं नसतं. एका कोपऱ्यात असतं, शेजारी नसतं. म्हणून एंडोस्कोपीत एकदोन नव्हे, सहा-आठ तुकडे घेण्याचा सल्ला देतात. प्रयोगशाळेतला तुमचा निकाल तिथे किती तुकडे घेतले त्यावरही अवलंबून असतो.

वीस हजार जनुकं आणि एक हजार भास

‘मी सगळी जनुकं तपासून मार्कर शोधीन’ असं म्हणण्याआधी थोडा हिशेब करा. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. प्रत्येकाची रुग्णाच्या जगण्याशी सांगड घालून ०.०५ची पी-व्हॅल्यू लावली, तर काहीच संबंध नसतानाही सरासरी १,००० जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून मल्टिपल टेस्टिंगची दुरुस्ती हवी, आणि निकाल दुसऱ्या, स्वतंत्र रुग्णगटात पडताळायला हवा. पहिल्याच गटात मार्कर शोधायचा आणि तिथेच तो सिद्ध करायचा, म्हणजे पेपर आपणच काढून आपणच सोडवण्यासारखं आहे.

जे परत आले नाहीत

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तो मुद्दा. मार्करचा संबंध ‘पुढे काय झालं’ याच्याशी लावायचा, तर पुढे काय झालं हे माहीत हवं. अंबरनाथ-उल्हासनगरहून परळच्या टाटा मेमोरियलला उपचारासाठी जाणाऱ्या एखाद्या रुग्णाचा विचार करा. शस्त्रक्रिया होते, दोन फेऱ्या होतात. मग भाड्याची खोली बदलते, मोबाइल नंबर बदलतो, घरचे त्याला गावी घेऊन जातात. फाइलमध्ये शेवटची तारीख तेवढी राहते.

कॅप्लान-मायर आलेखात, जो १९५८ पासून वापरात आहे, अशा रुग्णाला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. शेवटच्या भेटीपर्यंत तो हयात होता, एवढंच गणितात धरलं जातं. पण यामागे एक गृहीतक आहे: जो यायचा थांबला त्याची प्रकृती येत राहिलेल्यांसारखीच होती. प्रत्यक्षात तब्येत खालावली म्हणून माणूस यायचा थांबला असेल, तर आलेख आहे त्यापेक्षा गोड दिसतो. आणि एखाद्या मार्करच्या गटात असे लोक जास्त असतील, तर मार्करच खोटा पडतो.

म्हणूनच बार्शीचं काम मला मोलाचं वाटतं. १९८७ पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. रुग्ण येण्याची वाट न बघता कर्मचारी गावोगावी जाऊन माहिती घेतात. सिक्वेन्सिंग मशीनइतकंच हेही संशोधन आहे.

विषय ठरवण्याआधी स्वतःला विचारा

१. माझा मार्कर प्रोग्नॉस्टिक आहे की प्रेडिक्टिव्ह? प्रेडिक्टिव्ह म्हणायचं तर उपचार मिळालेला आणि न मिळालेला असे दोन्ही गट माझ्याकडे आहेत का?

२. कर्करोगाचा टप्पा, वय, शस्त्रक्रिया हे सगळं धरल्यावरही मार्कर काही नवीन सांगतो का?

३. किती रुग्णांचा पाठपुरावा अर्ध्यावर तुटलाय, आणि का?

४. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची संमती आहे का?

५. पडताळणीसाठी वेगळा रुग्णगट कुठून मिळणार?

मार्करवरचे पेपर कसे लिहावेत याच्या ‘रीमार्क’ नावाच्या मार्गदर्शक सूचना २००५ पासून उपलब्ध आहेत. त्या शेवटी पेपर लिहिताना उघडू नका, सिनॉप्सिस लिहितानाच वाचा.

आणि एक लक्षात ठेवा. एक्सेलच्या प्रत्येक ओळीत ‘० म्हणजे हयात, १ म्हणजे मृत्यू’ असा रकाना असतो. तो भरताना घाई करू नका. तिथल्या प्रत्येक ‘१’मागे एक घर आहे. आणि रिकाम्या सोडलेल्या चौकटीमागेही.

शंका असतील तर जरूर विचारा. पुढच्या लेखात कॅप्लान-मायर आलेख हाताने, कागदावर कसा काढायचा ते पाहू.