संगणकातील फाइलचा ठावठिकाणा : मार्गपट्टीची रचना

टपालाच्या पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा क्रम असतो, लहानाकडून मोठ्याकडे. संगणकातील फाइलचा पत्ता याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे लिहिला जातो. ‘दस्तऐवज › ग्रामपंचायत › २०२४-२५ › घरपट्टी’ अशी जी ओळ फोल्डर उघडताच खिडकीच्या माथ्यावर दिसते, तिला मार्गपट्टी म्हणता येईल. इंग्रजीत तिला ‘ब्रेडक्रंब’, म्हणजे पावाचा चुरा, असे नाव आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कथेतील मुलाने परतीची वाट सापडावी म्हणून रानात पावाचे तुकडे टाकले होते. (ते पाखरांनी खाल्ले, ही गोष्ट नाव ठेवणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.)

प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात ‘घरपट्टी’ नावाचा एकेक उपफोल्डर असतो. खिडकीवर केवळ ‘घरपट्टी’ एवढेच दिसले, तर चालू वर्षाची यादी मागील वर्षाच्या फोल्डरात जाऊन बसण्यास किंवा जुनी यादी पुसली जाण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. आपण कोठे आहोत हे सांगणे, हे म्हणूनच मार्गपट्टीचे पहिले काम होय.

पूर्वी हा पत्ता केवळ अक्षरांची ओळ होता. एमएस-डॉसच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय झाली. पण मार्ग मात्र तिरप्या रेघा देऊन हाताने टंकावा लागे. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टात या ओळीतील प्रत्येक नाव दाबता येण्याजोगे झाले. नावावर दाबले की त्या फोल्डरात जाता येते. नावापुढील बाणावर दाबले की त्यातील उपफोल्डरांची यादी उघडते. ‘ग्रामपंचायत’पुढील बाण दाबून एका वर्षातून दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. २००८ पासून केडीई प्रणालीत आलेल्या डॉल्फिन या फाइल व्यवस्थापकातही अशीच पट्टी आहे. जाणकारांना संपूर्ण मार्ग टंकण्याची गरज अजूनही पडते. म्हणून पट्टीच्या रिकाम्या जागी दाबताच तिची पुन्हा अक्षरांची ओळ होते. ही सोय काढून टाकणे चुकीचे ठरेल.

खरी अडचण जागेची. मार्ग लांबला की काही नावे लपवावी लागतात. काही रचनाकार मधली नावे गाळून दोन्ही टोके राखतात. दिसायला हे नीटनेटके असते. परंतु वरील उदाहरणात वर्षाचा आकडा मधेच आहे, आणि तोच नाहीसा होतो! आरंभीची नावे एका बाणामागे दडवून शेवटची राखावीत, हीच रीत अधिक सुरक्षित. विंडोजमध्ये तीच स्वीकारलेली आहे.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरीतील एक अक्षर संगणकाच्या लेखी अनेक चिन्हांचे बनलेले असते. ‘क्षेत्र’ हा शब्द जागेअभावी दोन चिन्हांनंतर तोडल्यास पडद्यावर केवळ ‘क्’ उरतो. ‘शिक्षण’ एका चिन्हानंतर तोडल्यास ऱ्हस्व इकार जातो आणि ‘श’ उरतो. तोड नेहमी पूर्ण अक्षरानंतरच हवी. शिवाय लिनक्स प्रणालीत सामान्यतः फाइलच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवावे लागते. संपूर्ण विषय नावात लिहिण्याची कार्यालयीन सवय येथे अडते.

पट्टीने हुद्द्याची उतरंड दाखवावी की चाललेली वाट, हा प्रश्नही आहे. नोम प्रणालीच्या जुन्या नॉटिलसमध्ये वरच्या फोल्डरात परतल्यावरही खालच्या फोल्डरांची बटणे पट्टीवर राहत, त्यामुळे पुन्हा खाली उतरणे सोपे जाई. नवख्या माणसाला मात्र आपण नेमके कोठे उभे आहोत असा संभ्रम पडू शके. म्हणून सध्याच्या फोल्डराचे बटण दाबलेले दाखवीत. दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखविणारा दुवा उघडला, तर पट्टीवर दुव्याचा मार्ग दाखवावा की मूळ फोल्डराचा, याला एकच उत्तर नाही. मात्र पट्टीवर जो मार्ग दिसतो, ‘वर जा’ हे बटणही त्याच मार्गाने नेणारे असले पाहिजे.