जर्मनीला माल घेऊन जाताना चार वाक्येही सोबत न्या

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात दर जानेवारीत ‘हाइमटेक्स्टिल’ हे घरगुती कापडाचे आणि फेब्रुवारीत ‘अँबिएंटे’ हे गृहोपयोगी व शोभेच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते. चादरी, पडदे, टॉवेल, पितळी व लाकडी वस्तू घेऊन भारतातील अनेक व्यापारी व कारागीर तेथे जातात. नमुने, दरपत्रक, व्हिसा यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. भाषेचा प्रश्न मात्र ‘इंग्रजीवर भागेल’ म्हणून सोडून दिला जातो.

सौदा इंग्रजीत होतो, हे खरे. पण पाकीट मारले गेले, कोणी अंगावर आले किंवा छातीत दुखू लागले, तर त्या क्षणी समोर खरेदीदार नसतो, रस्त्यावरचा कोणीही असतो. मोबाइल भाषांतर करून देतो. पण मोबाइलच चोरीला गेला तर? म्हणून मोजके जर्मन तोंडपाठ असावे, असे आम्ही सुचवतो.

आधी पाट्यांविषयी. येथे इंग्रजी दगा देते. दारावर एन-ओ-टी या अक्षरांनी सुरू होणारा ‘नोटआउसगांग’ हा शब्द दिसला, तर ‘येथून बाहेर जाता येत नाही’ असा अर्थ घेऊ नका. ‘नोट’ म्हणजे संकट. हे संकटकाळी बाहेर पडण्याचे दार आहे. आग लागल्यास हेच दार जीव वाचवते. तसेच रंगाच्या किंवा रसायनाच्या डब्यावर ‘गिफ्ट’ लिहिले असेल, तर ती भेट नव्हे. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. ‘फोरझिश्ट’ आणि ‘आख्टुंग’ म्हणजे सावधान. ‘ताशेनडीबे’ म्हणजे खिसेकापू. ही पाटी दिसली की पासपोर्टचा खिसा सांभाळावा.

आता बोलण्याविषयी. ‘हिल्फे!’ म्हणजे वाचवा. कोणी त्रास देत असेल तर मोठ्याने म्हणावे, ‘लासेन झी मिश इन रूए!’ म्हणजे मला त्रास देऊ नका. यातील ‘झी’ महत्त्वाचा आहे. आपल्या तू आणि तुम्हीप्रमाणे जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ असा भेद आहे. ‘डू’ म्हटल्यास आजूबाजूच्या लोकांना वाटते, ओळखीच्यांचे भांडण आहे. ‘झी’ ऐकले की त्यांना कळते, समोरचा माणूस परका आहे. मग लोक मदतीला येण्याचा संभव वाढतो. रागातही ‘झी’ सोडू नये, याचे कारण हे आहे.

‘रूफेन झी बिटे दी पोलिट्साय’ म्हणजे कृपया पोलिसांना बोलवा. ‘इश ब्राउखे आइनेन आर्ट्स्ट’ म्हणजे मला डॉक्टर हवा. वाक्य आठवले नाही तर दुखणाऱ्या जागी हात ठेवून ‘श्मेर्ट्सेन’ म्हणावे, म्हणजे वेदना. रुग्णवाहिका व अग्निशमन यांसाठी 112 आणि पोलिसांसाठी 110 हे क्रमांक आहेत. दोन्ही विनामूल्य आहेत.

साध्या कपड्यातील कोणी ‘मी पोलीस आहे, पाकीट दाखवा’ म्हणाला, तर पैसे हाती देऊ नयेत. ‘ईरेन डीन्स्टआउसवाइस, बिटे’ म्हणून ओळखपत्र मागावे आणि संशय वाटल्यास 110 वर खात्री करून घ्यावी. पासपोर्ट हरवल्यास ‘माइन पास इस्ट वेक’ असे सांगून प्रथम पोलिसांत नोंद करावी व तिची प्रत घेऊन भारतीय वाणिज्य दूतावासात जावे. असा दूतावास फ्रँकफर्टमध्येच आहे.

ही वाक्ये देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहावीत. पाठीमागे हॉटेलचा पत्ता, आपला रक्तगट आणि नेहमीच्या औषधांची नावे रोमन लिपीत लिहून चिठ्ठी पाकिटाऐवजी वरच्या खिशात ठेवावी. निघण्यापूर्वी आठवडाभर घरच्यांसमोर ती मोठ्याने म्हणून पाहावीत. मुले हसतील, हसू द्यावे. इन्शाअल्लाह त्यांची गरज पडणार नाही. पण उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.