देवबाग येथील जमीनविक्री आणि भांडवली नफ्यावरील कर : एक विवेचन

प्रस्तावना

अरबी समुद्र आणि कर्ली नदीची खाडी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव वसले आहे. माडाच्या बागा आणि मासेमारी हा येथील जुना चरितार्थ. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. जी जमीन पूर्वी माडांच्या उत्पन्नावरून जोखली जात असे, तिचे मोल आता समुद्रसान्निध्यावरून ठरू लागले आहे. अशा जमिनीच्या विक्रीतील नफ्यावर आयकर केव्हा लागतो आणि तो कसा मोजला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भारतात हा कर प्रथम १९४७ मध्ये आला व अल्पावधीतच रद्द झाला. निकोलस काल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर तो पुन्हा लागू करण्यात आला. करासाठी दोन गोष्टी लागतात : 'भांडवली मत्ता' आणि तिचे 'हस्तांतरण'. १९६१ च्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही मूळ चौकट बदललेली नाही.

जमीन शेतीची की बिनशेती?

ग्रामीण भागातील शेतजमीन ही भांडवली मत्ताच नाही. म्हणून तिच्या विक्रीतील नफ्यावर हा कर लागत नाही. 'ग्रामीण' कशास म्हणावे हे नगरपरिषदेच्या लोकसंख्येवर व तिच्या हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरते. लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असल्यास ही मर्यादा दोन किलोमीटरची आहे. मालवण नगरपरिषद याच गटात मोडते आणि देवबाग या मर्यादेच्या बाहेर पडते. येथील माडाची बाग बाग म्हणूनच विकली गेली, तर विक्रेत्यास भांडवली नफ्याचा कर देण्याचे कारण नाही.

परंतु सातबारावरील नोंद हा अंतिम पुरावा नव्हे. सरिफाबीबी महंमद इब्राहिम प्रकरणात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने सुरत येथील एका जमिनीबाबत महसुली नोंदीपलीकडे जाऊन पाहिले. लागवड केव्हा थांबली, बिगरशेती वापरासाठी विक्रीची परवानगी घेतली होती काय, खरेदीदार कोण, दर चौरस वाराने ठरला काय, या सर्वांचा एकत्रित विचार करून ती शेतजमीन नसल्याचा निर्णय दिला. देवबागेत याचे महत्त्व विशेष आहे. चांगला भाव यावा म्हणून विक्रीपूर्वीच जमीन बिनशेती करून घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्या एका आदेशाने भाव वाढतो हे खरे, पण करमुक्त जमीन करपात्रही होते. हा हिशेब सल्ला देणारे क्वचितच मांडतात.

वडिलोपार्जित जमिनीची किंमत

वारसाने आलेल्या जमिनीस वारसाने काहीच दिलेले नसते. कायदा अशा वेळी पूर्वीच्या धारकाचा खर्च हाच वारसाचा खर्च मानतो व त्याचा धारणकाळही जोडून देतो. जमीन १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य खर्च म्हणून घेता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून अधिक धरता येत नाही. विक्रीच्या बाजूसही मुद्रांक मूल्याची मर्यादा आहे. दस्तातील किंमत त्याहून बरीच कमी दाखविली आणि फरक दहा टक्क्यांच्या सवलतीत बसला नाही, तर मुद्रांक मूल्य हीच विक्री किंमत समजली जाते.

चोवीस महिन्यांहून अधिक काळ धारण केलेल्या जमिनीवरील नफा दीर्घ मुदतीचा होय. २३ जुलै २०२४ पासून त्यावरील दर १२.५ टक्के झाला व महागाई निर्देशांकाचा लाभ काढून घेण्यात आला. त्यापूर्वी संपादन केलेल्या जमीन-इमारतींबाबत निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना निर्देशांकासह २० टक्के या जुन्या पद्धतीने येणारा कर कमी असेल, तर तेवढाच द्यावा लागतो.

उदाहरणार्थ, एका बिनशेती जमिनीचे २००१ चे मूल्य २ लाख रुपये होते व ती २०२५-२६ मध्ये ४० लाखांस विकली असे समजू. नव्या पद्धतीने ३८ लाखांवर ४,७५,००० रुपये कर येतो. जुन्या पद्धतीत निर्देशांक ३७६ धरून खर्च ७,५२,००० होतो आणि कर ६,४९,६०० रुपये (अधिभार व उपकर वेगळे). हीच जमीन १० लाखांस विकली असती, तर नव्या पद्धतीने १,००,००० आणि जुन्या पद्धतीने अवघे ४९,६०० रुपये कर आला असता. त्या वर्षीच्या विक्रीचे गणित मांडल्यास किंमत २००१ च्या सुमारे ८.४ पटींपेक्षा कमी असेपर्यंत जुनी पद्धत लाभदायक ठरते. किनाऱ्यालगतच्या जमिनीस बहुधा नवा दर सोयीचा, आतल्या बाजूच्या जमिनीस जुना, असे घडू शकते.

सातबारावर अनेक नावे असणे ही कोकणातील नित्याची स्थिती. वारसांनी सहधारक म्हणून जमीन विकली, तर प्रत्येकाचा नफा त्याच्या हिश्श्यापुरता स्वतंत्रपणे मोजला जातो. नवे घर घेण्याची किंवा ५० लाखांपर्यंत विनिर्दिष्ट रोख्यांत गुंतवणूक करण्याची सवलतही प्रत्येकास स्वतंत्र मिळते. मात्र आखातात नोकरीस असलेला अनिवासी भाऊ वर सांगितलेल्या जुन्या पद्धतीस पात्र नाही. एकाच बांधातील समान हिश्श्यांवर त्यामुळे असमान कर येऊ शकतो.

समुद्राने नेलेली जमीन

देवबागेतील खरा पेच याहून वेगळा आहे. येथे किनाऱ्याची धूप होते. माडांसह जमीन समुद्रात जाते. ही धारकाची भांडवली हानीच, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती हानी नव्हे. वानिया सिल्क मिल्स प्रकरणात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने मत्तेचा नाश म्हणजे हस्तांतरण नव्हे असे ठरविले. त्या निर्णयानंतर कायद्यात झालेली दुरुस्ती पूर, वादळ आदी आपत्तींत नष्ट झालेल्या मत्तेपोटी मिळालेल्या विम्याच्या रकमेपुरतीच आहे. माडाखालच्या वाळूचा विमा कोण उतरविणार? हस्तांतरण नाही म्हणून हानी नाही, आणि हानी नाही म्हणून वजावटही नाही.

बिनशेती वीस गुंठ्यांपैकी पाच गुंठे समुद्राने घेतले आणि उरलेले पंधरा विकले, तर नफा पंधरा गुंठ्यांचा मोजला जाईल व खर्चही तेवढ्याच क्षेत्राचा धरला जाईल. गेलेल्या पाच गुंठ्यांचे मूल्य हिशेबात कोठेच उमटत नाही. विक्रीपूर्वी फेरमोजणी करून घेतल्यास निदान नसलेल्या क्षेत्रावर मुद्रांक मूल्य आकारले जाण्याचा धोका टळतो.