करटोलीचा वेल फुलतो, पण फळ का धरत नाही?

पाऊस लागला की मुलुंड स्टेशनबाहेर करटोली दिसायला लागतात. भाव ऐकून आईने ठरवलं, ग्रिलमध्येच लावू. पिकलेल्या करटोल्याच्या चार बिया टाकल्या, एकच रुजली. दुसऱ्या पावसाळ्यात वेलभर पिवळी फुलं आली, पण करटोलं एकही नाही! आई खत वाढवत राहिली, मी कुंडी उन्हात सरकवत राहिलो. आम्ही दोघंही भलत्याच ठिकाणी बग शोधत होतो. वेल नर होता.

दुधी, काकडी यांची नर आणि मादी फुलं एकाच वेलावर असतात. करटोलीत वेलच वेगळे. बी बघून नर की मादी हे कळत नाही, आणि साधारण निम्मे वेल नर निघतात. म्हणून शेतकरी बीऐवजी कंद लावतात. ज्या वेलाचा कंद, त्याच जातीचा नवा वेल. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो.

ओळखायचं कसं? मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं खरखरीत करटोलं असतं. नर फुलाखाली नुसता देठ. बस्स, एवढंच.

ताडगोळ्यांचंही असंच आहे. ते फक्त मादी ताडाला लागतात. आणि खजुराच्या बागांत तर माणसं हजारो वर्षं झाडावर चढून नराचा तुरा मादीच्या तुऱ्यात बांधत आलीत.

यंदा भाजीवाल्या मावशींकडून मादी वेलाचा कंद मिळवला. नर होताच. तरी फळ नाही! कारण करटोलीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागकण नेतात ते रात्री उडणारे पतंग. रानात ते असतात. आमच्या सातव्या मजल्यावरच्या ग्रिलपर्यंत कोण येणार?

मग ते काम आपण करायचं. नुकतंच उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. घासू नका. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. जमलं तर खालचं करटोलं फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. दोनेक आठवड्यांत भाजीजोगं होतं.

आतापर्यंत सात फुलं टेकवलीत, चार धरलीत. आता संध्याकाळची मीटिंग चालू असली तरी आई दारातून हाक मारते, "फुलं उमललीत रे, ये लवकर!"