भात शेवटी का येतो?

आपल्याकडे पान वाढायची एक शिस्त आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. पंगतीत वाढणाऱ्यांना ‘डावी बाजू घेऊन या’ एवढं सांगितलं की पुरतं. सगळं समोर आलं की कशाला कधी हात घालायचा हे जेवणारा ठरवतो. जपानमधल्या क्योतो शहरातल्या काइसेकी जेवणाची शिस्त इतकीच कडक आहे, पण ती एका नजरेत दिसत नाही. आपल्याकडे पदार्थाची जागा ठरलेली, तिथे पदार्थाची पाळी ठरलेली. दोन-अडीच तास एकामागून एक लहान लहान भांडी येतात, जातात, आणि शेवटचं भांडं उचललं जातं तेव्हा कुठे संपूर्ण ‘पान’ आपल्या लक्षात येतं.

आज जगभरातल्या मोठ्या रेस्तराँमध्ये शेफनेच ठरवलेल्या आठ-दहा-बारा छोट्या पदार्थांचं ‘टेस्टिंग मेन्यू’ जेवण मिळतं. 1960-70च्या दशकांत पॉल बोक्यूझ यांच्यासारखे फ्रेंच शेफ जपानला जाऊ लागले. ओसाकात शिझुओ त्सुजी यांची पाकशाळा त्यांचं हक्काचं ठिकाण होती. लहान वाढप, मोकळी बशी, हंगामाचा मान या गोष्टी त्यांनी तिथे जवळून पाहिल्या. म्हणून टेस्टिंग मेन्यू समजून घ्यायचा, तर क्योतोपासून सुरुवात करावी.

नाव एक, जेवणं दोन

‘काइसेकी’ हा उच्चार एकच, पण तो दोन वेगळ्या चित्राक्षरांनी लिहितात आणि त्यांतून दोन वेगळी जेवणं सांगितली जातात.

पहिलं चहाविधीतलं. तिथला दाट हिरवा चहा रिकाम्या पोटी सोसत नाही, म्हणून आधी हलकं जेवण देतात. चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या साधेपणाच्या परंपरेत हे जेवण एक सूप आणि तीन पदार्थ इतकंच राहिलं. पुढे त्याला मिळालेल्या नावाचा अर्थ ‘छातीशी धरलेला दगड’ असा आहे. झेन भिक्षू भूक मारण्यासाठी ऊन दगड कपड्यांत पोटाशी धरत, असं सांगतात. भूक भागेल, पण पोट तुडुंब भरणार नाही एवढंच हे जेवण. इथे भात अगदी सुरुवातीला येतो.

दुसरं काइसेकी म्हणजे ‘बैठकीचं जेवण’. काव्याच्या बैठकींत मंडळी जमत, बैठक संपली की साके घेत, आणि साकेच्या जोडीला पदार्थ येत. साके तांदळाचीच असते. तांदळाची साके आणि तांदळाचा भात एका वेळी घेत नाहीत, म्हणून पेले बाजूला झाल्यावरच भात वाढायचा. आजच्या रेस्तराँमधलं काइसेकी मुख्यतः या दुसऱ्या वळणाचं आहे. म्हणून तिथे भात शेवटी येतो.

हंगामाचे तीन टप्पे

आपण सप्टेंबरअखेरीच्या एका संध्याकाळी जेवायला बसलो आहोत असं समजू. मेन्यू वाचून निवडायचं काही नाही. काय मिळणार हे दिवस ठरवतो.

जपानी स्वयंपाकी हंगामाचे तीन टप्पे मानतात. ‘हाशिरी’ म्हणजे नुकतं बाजारात आलेलं, महाग आणि नवलाईचं. ‘शुन’ म्हणजे ऐन भरातलं. ‘नागोरी’ म्हणजे निरोप घेणारं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हापूसची पहिली पेटी, मे महिन्यातला घरभर घमघमणारा आंबा आणि पावसाच्या तोंडावर उरलेले शेवटचे चार आंबे यांची चव आपल्या मनात एक नसते. शेवटच्या आंब्याला थोडी हुरहुर चिकटलेली असते. काइसेकीत ही हुरहुर जाणूनबुजून बशीत आणतात.

एकेक पाळी

घराघरागणिक क्रम थोडा बदलतो, पण सांगाडा साधारण सारखा असतो.

आधी ‘साकिझुके’: एक-दोन घासांचं काही, तोंड जागं करण्यापुरतं. मग बऱ्याच ठिकाणी ‘हास्सुन’. हे नाव भांड्यावरून पडलं आहे. ‘सुन’ हे तीन सेंटिमीटरचं जुनं माप. हास्सुन म्हणजे आठ सुन, साधारण चोवीस सेंटिमीटरचं चौकोनी तबक. चहाविधीत त्यावर समुद्रातलं एक आणि डोंगरावरचं एक असे दोनच पदार्थ असतात. रेस्तराँमध्ये ते वाढतात आणि सगळे मिळून आजचा हंगाम सांगतात: भाजलेलं चेस्टनट, गिंकोच्या हिरव्यागार बिया, बाजूला मेपलचं एखादं लाल पान.

त्यानंतर ‘मुकोझुके’, म्हणजे कच्च्या माशाचे काप. ‘मुको’ म्हणजे पलीकडे. चहाविधीच्या तबकात हे भांडं भात-सूपाच्या पलीकडे ठेवतात, म्हणून हे नाव. आपल्या ‘डाव्या बाजूसारखं’च पदार्थाला जागेवरून मिळालेलं. काप बहुधा तीन, पाच, सात असे विषम असतात. चार हा आकडा टाळतात, कारण त्याचा एक उच्चार ‘मृत्यू’सारखा आहे. आहेराच्या पाकिटात एकशे एक घालणाऱ्या आपल्याला विषम आकड्याचं शुभपण कळतं.

मग येतो झाकणाचा वाडगा, ‘वान’. स्वयंपाक्याची खरी परीक्षा इथे होते, असं क्योतोत मानतात. लाखेचं झाकण उचललं की आधी वाफ, मग वास, मग नितळ पाणीच वाटावं असा रस्सा. हा रस्सा म्हणजे ‘दाशी’, आणि सगळं जेवण त्याच्यावर उभं असतं.

दाशी: दोन वाळवणांचा गुणाकार

दाशीत दोनच जिन्नस. एक कोंबू, म्हणजे उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडचं वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ. क्योतोला समुद्र नाही. पूर्वी हे कोंबू गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून शहरात यायचं. दुसरा जिन्नस कात्सुओबुशी. कोकणातल्या कुप्याच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, पुन्हा पुन्हा वाळवून लाकडासारखा टणक करतात. उत्तम प्रतीच्या माशावर मुद्दाम बुरशीही चढवतात आणि या कामाला महिने लागतात. मग रंध्यासारख्या पात्यावर त्याचा कीस काढतात, इतका पातळ की आरपार दिसावं.

कोंबू सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. उकळू द्यायचं नाही, नाहीतर कडवट, बुळबुळीत होतं. ते काढून पाणी 80-85 अंशांपर्यंत न्यायचं, कीस टाकायचा आणि लगेच कापडातून गाळायचं. कापड पिळायचं नाही. ओढाताण केली की रस्सा गढूळतो. इतकी महिन्यांची मेहनत, आणि चूल फक्त अलगद हात लावते.

ही चव इतकी भरीव का, हे 1908 साली तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी शोधलं. कोंबूतलं ग्लुटामेट त्यांनी वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. 1913 साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. क्योतोच्या स्वयंपाकघरांनी हा गुणाकार जिभेवर शेकडो वर्षं आधीच सोडवला होता.

शाकाहारी वाचकाने एक लक्षात ठेवावं. ताटातली भाजी भाजीसारखीच दिसते, पण ती बहुतेक या माशाच्या दाशीत शिजलेली असते. दाशी आधीच करून ठेवलेली असल्याने ऐनवेळी बदल होत नाही. जागा राखतानाच सांगावं. त्याहून सरळ मार्ग म्हणजे बौद्ध मठांचं ‘शोजिन’ जेवण. त्यातली दाशी कोंबू आणि सुकवलेल्या शिताके अळंबीची. तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आणि दाइतोकुजीच्या आवारात इझुसेन इथे ते मिळतं.

किटलीतली भेट

शरदाच्या तोंडावर वाडग्याऐवजी कधीकधी ‘दोबिन मुशी’ येते: छोटीशी मातीची किटली, झाकणावर उलटी ठेवलेली वाटी, आणि सुदाची नावाचं लिंबाएवढंही नसलेलं हिरवं फळ. आत दाशी, मात्सुताके अळंबी आणि हामो मासा.

हामो म्हणजे कोकणात जिला वाम म्हणतात त्याच कुळातला लांबोडका मासा. क्योतोत तो उन्हाळ्याचा. जुलैतल्या गिओन उत्सवाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. बर्फाची सोय नव्हती तेव्हा समुद्रापासून शहरापर्यंत जिवंत टिकणारा हा चिवट मासा म्हणून त्याचं महत्त्व. अडचण एकच: त्याच्यात बारीक काटे इतके की काढणं अशक्य. म्हणून जड सुरीने त्याचं मांस चिरतात, एका सुनमध्ये, म्हणजे तीन सेंटिमीटरमध्ये, चोवीसच्या आसपास काप, आणि खालची कातडी मात्र अखंड. काटे चिरले जातात, तुकडा एकसंध राहतो, आणि गरम पाण्यात पडताच फुलासारखा उमलतो.

सप्टेंबरअखेरीस हामो निरोपाला आलेला असतो आणि मात्सुताके नुकती उगवलेली असते. नागोरी आणि हाशिरी एका किटलीत भेटतात. वर्षातले थोडेच दिवस ही भेट शक्य असते. आधी रस्सा वाटीत ओतून तसाच प्यायचा. मग सुदाचीचे दोन थेंब पिळायचे आणि तोच रस्सा पुन्हा चाखायचा. शेवटी झाकण काढून आतले तुकडे खायचे. एकाच किटलीत तीन पाळ्या. सगळं काइसेकी कसं चालतं, हे मला या किटलीत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

उतरता क्रम

पुढे ‘याकिमोनो’, निखाऱ्यावर भाजलेलं. मग ‘ताकिआवासे’: प्रत्येक भाजी आपापल्या रस्स्यात वेगळी शिजवायची आणि वाडग्यात शेजारी शेजारी ठेवायची. आपण एकाच कढईत सगळ्यांचा मेळ घालतो. इथे प्रत्येकीला तिची आच, तिचा वेळ मिळतो. त्यानंतर ‘सुनोमोनो’, थोडं आंबट, जीभ स्वच्छ करणारं. कच्चं, उकडलेलं, भाजलेलं, आंबट असं पालटत गेल्याने दहाव्या भांड्यालाही पहिल्यासारखी उत्सुकता राहते. एकाच चवीने जीभ लवकर कंटाळते, चव बदलली की पुन्हा सावध होते.

आणि मग भात. पेले बाजूला जातात, मातीचं भांडं समोर आणून उघडतात. सोबत मिसो सूप आणि लोणचं, बस्स. ज्या जिन्नसांवर साधं जपानी घर रोज जेवतं, तिथेच हे सगळं जेवण परत येऊन टेकतं. आपणही पंचपक्वान्नांनंतर शेवटी ताक-भातावर येतोच. त्यानंतर पिकलेल्या काकी फळाची किंवा द्राक्षांची बशी आणि चहा.

उठताना म्हणायचं ‘गोचिसोसामा’. यातल्या ‘चिसो’ची चित्रलिपी धावपळ सांगते: पाहुण्यासाठी जिन्नस गोळा करत केलेली धावाधाव. पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द सहज बसतो. होक्काइदोच्या किनाऱ्यावर कोंबू वाळवणारा, महिनोन्महिने कात्सुओबुशीवर नजर ठेवणारा, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस वेळा सुरी उतरवणारा, या सगळ्यांची धावपळ त्या एका शब्दात येते. त्यांनी आपापली पाळी सांभाळली, म्हणून आपल्याला शांत बसून वाट पाहता आली.