हरकतीची मुदत संपली

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा, म्हणजे आता साठीला आला. त्याची साठीशांत कोणी करणार नाही, आणि करावी असे त्यात फारसे उरलेलेही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने वटहुकूम काढून तुकडेबंदी कायदा सैल केला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात गुंठ्यागुंठ्याने झालेले व्यवहार, जमीन या १९६६ च्या अधिनियमाखालच्या विकास किंवा प्रादेशिक आराखड्यात निवासी, व्यापारी अशा झोनमध्ये येत असेल तर, विनाशुल्क नियमित होणार. निफाड तालुक्यात ज्यांचे एक-दोन गुंठे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर चढत नव्हते, त्यांना दिलासा मिळाला हे खरेच. खटकते ते वेगळे. नकाशावरचा रंग पिवळा की हिरवा यावर एवढे सगळे ठरणार असेल, तर तो रंग भरताना इथल्या माणसाला कोणी, केव्हा विचारले?

विचारण्याची सोय १९६६ च्या कायद्यात होती. प्रादेशिक आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना किमान चार महिने. मंजूर विकास आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा तर एक महिना. शहराच्या आराखड्यावरील हरकती ऐकायला नियोजन समिती, तीत तीन लोकनियुक्त सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले फार तर चार तज्ज्ञ. पहिली चाळीसेक वर्षे ही व्यवस्था राजपत्रात सुखाने नांदली. मधल्या काळात ७३वी-७४वी घटनादुरुस्ती झाली, जिल्हा नियोजन समिती आली. पण आपल्याकडे ती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची निधीवाटपाची बैठक होऊन बसली.

खरी धग होती ती २००६ नंतरच्या दशकात. गोव्यात ऑगस्ट २००६ मध्ये '२०११ चा प्रादेशिक आराखडा' अधिसूचित झाला, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुरचनाकार कृतिदलावर बसला आणि नवा आराखडा गावागावांत नेऊन लोकांपुढे ठेवला गेला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर मतदान केले. जमीन द्यायची की नाही हे शेतकऱ्याने मत पेटीत टाकून सांगायचे, ही कल्पनाच तोवर कोणाच्या डोक्यात नव्हती. आणि २०१३ मध्ये आपल्याच नाशकात महापालिकेच्या सुधारित विकास आराखड्याचा मसुदा शेतकऱ्यांच्या संतापामुळे महासभेला नाकारावा लागला. शासनाने नवा अधिकारी नेमून तो पुन्हा करून घेतला. त्या वेळी 'विकासाला खीळ घातली' म्हणून गळा काढणाऱ्यांनी एक सांगावे: फुटेपर्यंत मसुदा गुप्त ठेवायचा आणि नंतर लोक बिथरले म्हणून लोकांनाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

सरकारने या दशकातून धडा घेतला, पण भलताच. सुनावणी बळकट करण्याऐवजी जिथे सुनावणीच नाही अशा वाटेने निर्णय जाऊ लागले. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमे आली. आराखड्यातल्या झोनशी जुळणाऱ्या वापराला वेगळी एनए (बिनशेती) परवानगी नको. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंत निवासी वापरालाही नको. यावर उत्तर ठरलेले असते: एनएच्या नावाखाली तलाठ्यापासून प्रांतापर्यंत जे खेटे घालावे लागत आणि जी 'सोय' करावी लागे, ते सारे संपले. मान्य. ती परवानगी लोकसहभाग नव्हतीच. पण परवानगी गेल्यावर नकाशा हाच पहिला आणि शेवटचा निर्णय उरतो, हे कोणी बोलत नाही. मग नकाशावरची सुनावणी आधीपेक्षा भक्कम हवी की नको? झाले उलटे. मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती गेली. निफाड साखर कारखान्याच्या जमिनीवर ड्रायपोर्टची घोषणा झाली, तेव्हा चर्चा रंगली ती जिल्हा बँकेच्या थकबाकीची आणि हस्तांतरणाची. कंटेनरची वाहतूक कुठल्या रस्त्याने जाणार आणि भोवतालच्या द्राक्षबागांचा झोन उद्या काय होणार, हा प्रश्न मागेच पडला. गोव्यातही २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात आलेल्या कलम १७(२) मुळे एकेका भूखंडाचा झोन 'दुरुस्त' होऊ लागला, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला त्याला वेसण घालावी लागली.

लोक फक्त आपापल्या गटापुरते पाहतात, असा आक्षेप नियोजनकार घेतात. पाहतात, कारण दाखवलेच तेवढे जाते. अख्ख्या प्रदेशाचा नकाशा एका तक्त्यावर, त्यावर गट नंबर शोधायचा म्हणजे भिंग हवे. सोबतचा अहवाल शासकीय मराठीत. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. अशा कागदापुढे उभा राहिलेला बागाईतदार 'माझ्या गटावर रस्ता आहे का' एवढेच विचारील, दुसरे काय करील? गावनिहाय नकाशे हातात पडले तेव्हा गोव्यातली माणसे टेकडी, खाजण, पाणवठा यांविषयी बोलली. आपल्याकडे गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले; त्याच्या वरच्या अंगाला किती प्लॉटिंग सोसेल, हे काठावरच्या गावांपेक्षा चांगले कोणाला कळते? निफाड २०१५ पासून नगरपंचायत आहे. आता ओझर आणि पिंपळगाव बसवंत याही नगर परिषदा झाल्या. नव्या आराखड्याची सुरुवात सध्याच्या जमीनवापराच्या नकाशाने होते. तो नकाशा प्रभागाप्रभागांत, गट नंबरांसह, मसुद्याच्या आधी लोकांपुढे मांडायला कायद्याची आडकाठी नाही, आणि वटहुकूमही लागत नाही.